भलत्याच मामाची सहल

फ्रीजवाले एका बाईंच्या फ्रीजमागे भिंतीला नाक लावून आडवे पडले होते, तेव्हा त्यांच्या खिशातला फोन टुणकन वाजला. एका हातात पाना, तोंडात दोन स्क्रू. कसाबसा फोन ओढून त्यांनी डाव्या अंगठ्यानं मेसेज उघडला. नंबर अनोळखी होता.

"मामा, येताय ना? लांबण लावू नका. हो की नाही, एका शब्दात सांगा."

आता वस्तीतली निम्मी गिऱ्हाइकं त्यांना 'फ्रीजवाले मामा'च म्हणत. कुणाचा तरी फ्रीज बंद पडला असणार, दूध नासत असणार आणि बाई रागावलेली असणार, हे सगळं त्यांनी झोपल्या झोपल्या ताडलं. रागावलेल्या बाईला एक शब्द पुरत नाही, हा पंचवीस-तीस वर्षांचा अनुभव. म्हणून त्यांनी अंगठ्यानंच सविस्तर लिहिलं, "हो. नक्की येतो. काळजी करू नका."

त्यांचं काम एवढंच. पुढचं सगळं त्या 'हो'नं केलं.

फ्रीज भिंतीला सरकवून ते उभे राहीपर्यंत फोन तव्यावरच्या लाह्यांसारखा तडतडायला लागला होता. त्यांना कुणीतरी 'चलो समुद्र' नावाच्या गटात घातलं होतं आणि तिथे नुसता कल्ला चालला होता.

"मामा हो म्हणाले!"

"कोण मामा?"

"आपला मामा. आणखी कितीजण आहेत?"

"खोटं. मामा आणि 'नक्की'? शुद्धीवर होते का?"

"'काळजी करू नका' असंही म्हणाले! अक्का रडतेय इथे!"

फ्रीजवाले फोनकडे बघत राहिले. बाईंनी विचारलं, "झाला का हो दुरुस्त?"

"फ्रीज झाला," ते म्हणाले. "बाकीचं बिघडलंय."

प्रकार त्यांच्या लक्षात आला होता. जुना फोन महिन्यापूर्वी पाण्याच्या बादलीत पडून वारला, तेव्हा दुकानदारानं त्यांना नवा नंबर दिला होता. नवा म्हणजे त्यांच्यासाठी नवा. तो आधी कुण्या दुसऱ्या गृहस्थाचा होता. एक लाँड्रीवाला तर अधूनमधून फोन करून "साहेब, तुमचा कोट कधीचा पडलाय, घेऊन जा" म्हणत असे, आणि फ्रीजवाले दर वेळी "आपल्याला कोटच नाही" असं सांगून ठेवून देत. लोकांना मामा बनवणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. पण लोकांनी आपण होऊन मामा केलेला माणूस त्यांच्या पाहण्यात हा पहिलाच, आणि तो ते स्वतः होते.

संध्याकाळी खोलीवर येऊन त्यांनी पायातले जोडे काढले, रेडिओ लावला आणि खाटेवर बसून लिहायला घेतलं, "माफ करा, तुमचा नंबर चुकला." एवढ्यात एक आवाजी निरोप आला. त्यांनी सहज दाबला. खोलीत एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज घुमला.

"घुम्या, अरे घुम्या, मी अक्का बोलतेय. थोरलीनं हे बटण दाबून धर म्हणून सांगितलंय, म्हणून धरलंय. तू हो म्हणालास म्हणे. मी तिला म्हटलं, परत वाच. तिनं तीनदा वाचलं. थोरलीच्या लग्नातल्या त्या फोटोचं चुकलंच रे आमचं. फोटोवाल्याला काय ठाऊक, खांबामागे नवरीचा मामा उभा आहे म्हणून. पण एका खांबापायी माणूस इतकी वर्षं तोंड दाखवत नाही का रे? बरं, जाऊ दे. माझा गुडघा गेलाय, तरी मी येणार. तू येतोयस म्हणून. नाहीतर समुद्र काय, टीव्हीवरही दिसतो. ठेवू का?"

"नको," फ्रीजवाले म्हणाले.

मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं, कधीच नसे. लग्न त्यांनी टाळलं असं नाही. आधी आईचं आजारपण होतं, मग धंद्याचा जम बसायचा होता, आणि जम बसल्यावर बघतात तर वय निघून गेलेलं. दिवसभर लोकांच्या स्वयंपाकघरात हिंडायचं, त्यांच्या फ्रीजमधल्या झाकलेल्या वाट्या, मुलांनी अर्धवट खाऊन ठेवलेली चॉकलेटं, 'याला हात लावू नये' अशा चिठ्ठ्या बाजूला काढून आतलं यंत्र उघडायचं, आणि संध्याकाळी आपल्या खोलीत यायचं. त्यांचा स्वतःचा फ्रीज कुणीतरी टाकून दिलेला, त्यांनी जिवंत केलेला. उत्तम चाले. आत दोन अंडी आणि एक लिंबू. दिवा मात्र झकास पडायचा.

त्यांनी 'माफ करा' खोडलं. नंबर चुकला हे उद्या सांगता येईल, पण म्हातारी गुडघा गेला म्हणतेय आणि आपण विचारायचंसुद्धा नाही, हे माणुसकीला धरून होईना. त्यांनी लिहिलं, "कोणता गुडघा? उजवा की डावा?"

गटातल्या कुणीतरी लिहिलं, "मामा, तुम्ही बरे आहात ना?"

दुसऱ्या दिवशी सांगायचं होतं, पण दुसऱ्या दिवशी गटात भांडण लागलं, आणि भांडण चालू असताना मध्येच परक्या माणसानं ओळख करून देणं बरं दिसत नाही. अक्काच्या दोन मुली, थोरली आणि धाकटी, आणि थोरलीचा नवरा, ज्याला सगळे जावईबापू म्हणत, असे तिघे एका समुद्रावर तीन वेगवेगळ्या सहली काढायला निघाले होते.

"पहाटे उठून सूर्योदय पाहायचा, मग दीपगृह, मग शिंपल्यांचं संग्रहालय, मग जुनं बंदर," थोरलीनं फर्मान काढलं.

"सूर्य आपल्याकडेही उगवतो," धाकटीनं लिहिलं. "मी तिकडे खायला चाललेय. सकाळी मासे, दुपारी मासे, मधल्या वेळेत नारळपाणी. कुणी मला उठवायचं नाही."

"मला बोटीनं बेटावर जायचंय. पूर्ण दिवस," जावईबापूंनी लिहिलं.

"तुम्हाला बसमध्ये उलटी होते."

"ती बस असते. ही बोट आहे."

"आणि माशांच्या वासानं तुमचं डोकं चढतं. हिच्या शेजारी जेवायला कसे बसणार?"

"मी नाही बसणार."

"मग सहल कशाला काढायची? आपापल्या घरीच उपाशी बसू!"

पन्नासेक निरोप असे एकमेकांवर आपटले आणि शेवटी थोरलीनं लिहिलं, "मामा, तुम्हीच काय ते सांगा."

फ्रीजवाले त्या वेळी बसथांब्यावर उभे होते. 'किती वेळ लागेल' आणि 'एवढ्यात कसा बिघडला' या दोन प्रश्नांपलीकडे त्यांना कुणी काही विचारून जमाना झाला होता. आता एक अख्खं कुटुंब त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. समोर आलेली बस त्यांनी सोडून दिली आणि शांतपणे लिहिलं, "दीपगृह संध्याकाळी बघू. सूर्य मावळतोसुद्धा, आणि तेव्हा सगळे जागे असतात. मासे खाणाऱ्यांचं टेबल वारा जिकडे जातो तिकडच्या बाजूला मांडायचं, म्हणजे वास जावईबापूंकडे येणार नाही. बेटावर जाताना त्यांनी बोटीच्या मधोमध बसायचं आणि लांब बघायचं."

वाऱ्याचं त्यांना धंद्यातून माहीत होतं. बोटीचं त्यांनी आपलं ठोकून दिलं होतं.

"मान्य," धाकटी म्हणाली. "मान्य," जावईबापू म्हणाले. थोरलीनं तर लिहिलं, "मामा, इतकी वर्षं तुम्ही गप्प का होता?"

झालं. त्या दिवसापासून गटाचं पान मामावाचून हलेना. टोप्या कसल्या घ्यायच्या, पोहायचं कुठे, पाऊस आला तर काय, सगळं मामांना विचारा. आता फ्रीजवाल्यांनी जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. मग ते कामावर चौकशा करू लागले. एका बाईंच्या फ्रीजच्या दारावर माडाचं झाड आणि निळं पाणी असलेलं चुंबक दिसलं, तेव्हा गॅस भरता भरता त्यांनी विचारलं, "बाई, भरती आली म्हणजे माणसं काय करतात हो?"

"काय करणार? मागे सरकतात."

त्या संध्याकाळी गटात मामांची सूचना झळकली : "भरती आली की सर्वांनी मागे सरकावे." तिच्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला.

आणि रोज संध्याकाळी अक्काचा आवाज यायचा. कधी त्यात मागे कुकरची शिट्टी, कधी टीव्ही. लहानपणी घुम्या झाडावर चढून बसला होता आणि त्यानं खाली कुणाला हाकसुद्धा मारली नाही, ही गोष्ट तिनं दोनदा सांगितली. फ्रीजवाल्यांनी दोन्ही वेळा ती पूर्ण ऐकली. ते आता वेळेवर घरी यायला लागले होते. रेडिओ लावायचं तर साफच विसरले होते. खरं सांगायचं मात्र राहत होतं. रोज सकाळी त्यांचा निश्चय पोलादी असे आणि अक्काचा निरोप आला की त्याचं लोणी होई.

गळ्याशी आलं ते थोरलीच्या एका ओळीनं. "मामा, हॉटेलवाले प्रत्येकाचं ओळखपत्र मागताहेत. तुमच्या ओळखपत्राचा फोटो आजच पाठवा." आणि तिच्यापाठोपाठ अक्का : "स्टेशनवर मी सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहणार. बघू कसा पळतोस ते."

फ्रीजवाले पळवाटा मोजू लागले. आजारी पडावं, तर अक्का डबा घेऊन दारात उभी राहील. मरावं, तर सहलच रद्द होईल. खरं सांगावं, तर म्हातारीला कळणार की भाऊ हो म्हणालाच नव्हता, हो म्हणाला तो कुणीतरी उपटसुंभ. ते डोक्याला हात लावून बसले असतानाच फोन वाजला.

"साहेब, तो तुमचा कोट..."

"थांबा! ठेवू नका!" फ्रीजवाले एवढ्यानं ओरडले, की शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंत ठोकली. "माझा पत्ता आहे का तुमच्याकडे?"

"साहेब," लाँड्रीवाला हळुवारपणे म्हणाला, "घरी पोचवायला येऊ का तुम्हाला?"

पत्ता मिळाला. कोटही मिळाला, कारण लाँड्रीवाल्याला तो एकदाचा नजरेसमोरून जायला हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कोट हातावर टाकून फ्रीजवाले एका दुमजली घराच्या वरच्या दारात उभे राहिले. दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून एक चष्मा दिसला.

"काय?"

"तुमचा कोट."

दार उघडलं. आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुस्तकं होती, आणि शांतता अशी, की आपला श्वासही परवानगी काढून घ्यावा. घरमालक निवृत्त ग्रंथपाल होते. लोकांना 'शांतता राखा' म्हणण्यात उभी हयात गेलेली, आणि तेवढेच दोन शब्द सवयीचे राहिलेले. त्यांनी बोटानं खुर्ची दाखवली. फ्रीजवाले बसले आणि 'हो'पासून ओळखपत्रापर्यंत सगळं सांगून मोकळे झाले.

ग्रंथपालांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "हो कोण म्हणालं?"

"मी."

"मग तुम्ही जा."

"अहो, बहीण तुमची आहे!"

"नंबर मी बदलला होता," ग्रंथपाल म्हणाले. "मुद्दाम. रोज सकाळी फुलं यायची. फोनवर. प्रत्येक फुलावर उपदेश." एवढं लांबलचक बोलून ते दमले.

"आणि तो खांब?" फ्रीजवाल्यांनी विचारलं.

ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला. "मी तिथे उभा होतो. सगळ्या फोटोत. एकानंही म्हटलं नाही, इकडे सरक."

एखाद्यानं आपल्याला 'इकडे सरक' म्हणावं असं वाटणं म्हणजे काय, हे फ्रीजवाल्यांना नीट समजत होतं. त्यांनी फोन काढला, अक्काचा पहिला निरोप लावला आणि टेबलावर ठेवला. "घुम्या, अरे घुम्या..." पुस्तकांच्या त्या खोलीत तो आवाज एखादं नाठाळ पोर शिरावं तसा शिरला. 'ठेवू का?' झाल्यावर ग्रंथपालांनी फोन जरा आपल्याकडे ओढला.

"म्हातारी झाली," ते म्हणाले. "आवाज." मग थोड्या वेळानं, "परत लावा."

फ्रीजवाल्यांनी सगळे निरोप लावले. झाडाची गोष्ट दुसऱ्यांदा लागली तेव्हा ग्रंथपाल म्हणाले, "मी हाक मारली होती. कुणाला ऐकू गेली नाही." आणि थेट उठून कपाटातून ओळखपत्र घेऊन आले. "पण तिथे बोलावं लागेल," दारातच थबकून ते म्हणाले.

"मुळीच नाही. बोलायचं त्या बघतात. तुम्ही मधूनमधून हो म्हणायचं. मी तेवढंच केलं."

मग एका परक्या माणसानं ग्रंथपालांना त्यांच्या स्वतःच्या घरच्यांची ओळख करून दिली. धाकटीला पहाटे उठवायचं नाही. जावईबापूंना बोटीत मधोमध बसवायचं. थोरली रागावली की सारखी वेळापत्रक बदलते, तेव्हा तिला चहा द्यायचा. अक्काचा उजवा गुडघा, पण चढताना दुखतो तो डावा. ग्रंथपाल पोरासारखे ऐकत होते. शेवटी फ्रीजवाल्यांनी ग्रंथपालांचा नंबर गटात घातला, "हा माझा नवा नंबर. जुना आता विसरा" असं लिहिलं आणि स्वतः गटातून बाहेर पडले. फोननं विचारलं, नक्की ना? त्यांनी 'हो' दाबलं. हा 'हो' मात्र त्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवून दाबला.

त्यानंतरच्या संध्याकाळी भलत्याच लांब निघाल्या. फोन टेबलावर गप्प पडून असायचा. त्याला काही झालं नाही ना, हे बघायला त्यांनी दोनदा तो बंद करून चालू केला. रेडिओ पुन्हा सुरू झाला, पण त्यातला माणूस काहीही सांगून झाल्यावर ठेवू का विचारत नसे. सहल निघाली त्या दिवशी तर ते एका घरी फ्रीजऐवजी शेजारचं कपाट उघडून पाच मिनिटं त्यातला बिघाड शोधत होते.

दोन दिवसांनी, भर दुपारी, फोन वाजला. पलीकडून ग्रंथपाल कुजबुजत होते. "मी एका होडीमागे उभा आहे. जेवायला बसायचंय. वारा कुठून येतो ते कसं ओळखायचं?"

"रुमाल धरा हवेत. उडतो तिकडे मासे."

"बरं. आणि थोरलीनं वेळापत्रक बदललंय."

"चहा."

"बरं."

"अहो, मागे तो आवाज कसला येतोय?"

"समुद्र."

"जरा फोन तिकडे धरता का?"

ग्रंथपालांनी धरला. गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात फरशीवर उकिडवे बसून फ्रीजवाले समुद्र ऐकत राहिले. मोठा फ्रीज सुरू व्हावा तसा घरघरत येई आणि मग पसरून शांत होई. तेवढ्यात त्यात ओळखीचा खणखणीत आवाज मिसळला.

"होडीमागे लपून कुणाशी बोलतोयस रे? दे इकडे. दे म्हणते ना! हॅलो, कोण बोलतंय?"

फोन ठेवून द्यावा, असं फ्रीजवाल्यांच्या मनात आलं. पण अक्काचा आवाज स्वतः कापणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. "मी फ्रीजवाला," ते म्हणाले.

"कसला फ्रीजवाला?"

त्यांनी सांगितलं. सगळं, न थांबता, माफीसकट. पलीकडे नुसता समुद्र येत-जात राहिला.

"तरीच," शेवटी अक्का म्हणाली. "दोन दिवस झाले, मी वाट बघतेय, हा आता तरी गुडघ्याचं विचारेल. विचारतोय कसला! शिंपल्यांकडे बघत बसलाय. मी म्हटलं, फोनवर एवढा बोलणारा माझा भाऊ गाडीत कुठे सांडला?" ती हसली की रडली ते वाऱ्यात कळलं नाही. "पण आणलास त्याला. काल माझा हात धरून वाळूतून चालला. बोलला नाही अवाक्षर, पण हात सोडला नाही."

"गुडघा कसा आहे?" फ्रीजवाल्यांनी विचारलं.

"मेला ठणकतोय. ते राहू दे. आमचा फ्रीज हल्ली फार आवाज करतो. रविवारी ये बघायला. थोरली पत्ता पाठवेल. आणि दुपारचाच ये."

रविवारी फ्रीजवाले इस्त्रीचा शर्ट घालून, हत्यारांची पिशवी घेऊन गेले. जावईबापूंचं नाक उन्हानं सोलून निघालं होतं. "बोटीत मधोमध बसलो आणि लांब बघितलं," ते म्हणाले. "तरी उलटी झाली." धाकटी आणि थोरली एकाच वेळी बोलत होत्या, आणि पुढची सहल डोंगरावर की तळ्याकाठी, यावरून आत्ताच हमरीतुमरीवर आल्या होत्या. कोपऱ्यातल्या खुर्चीत ग्रंथपाल पुस्तक घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली आणि "या" म्हटलं. सगळं घर चमकून त्यांच्याकडे बघायला लागलं.

अक्का काठी टेकत पुढे झाली आणि त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली. फ्रीजवाल्यांनी दाराच्या रबरावरून बोट फिरवलं. घट्ट होतं. आत हात घातला. थंडगार. मागच्या बाजूला कान लावला. यंत्र मांजरासारखं झोपेत घुरघुरत होतं, त्याहून जास्त काही नाही. इतका धडधाकट फ्रीज त्यांनी वर्षभरात पाहिला नव्हता.

ते उठून उभे राहिले. अक्का त्यांच्याकडेच बघत होती.

"मोठा बिघाड आहे का रे?" तिनं विचारलं.

"मोठा दिसतो," फ्रीजवाले म्हणाले. "एका दिवसात व्हायचा नाही. अधूनमधून यावं लागेल."

"मला वाटलंच," अक्का म्हणाली आणि त्यांच्या हातातली पिशवी काढून घेऊन तिनं ती दाराआड ठेवली. "आधी जेवून घे. एवढं मोठं काम उपाशीपोटी होत नसतं."